चिंतामणी रंग कोणी पळवला?

गोमाजी मढवी स्वतःबद्दल कधी बढाई मारत नसत. ते काम त्यांनी रंगाऱ्याकडून करून घेतलं होतं. खोपटच्या एसटी डेपोसमोर, उसाच्या रसाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं आणि तिकडे जाणाऱ्या लाकडी जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक पदवी पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेली होती. 'गुप्तहेर गोमाजी मढवी', त्यावर 'तर्कसम्राट', त्यावर 'सूक्ष्मदृष्टी', त्यावर 'गुन्हेगारांचा कर्दनकाळ', त्यावर 'बाळकुमचा बहिरी ससाणा', आणि सगळ्यात वर 'डोकं सांभाळा'. ही शेवटची पदवी नव्हती, तिथे तुळई खाली आलेली होती. पण येणारी माणसं वाचत वाचत वर चढायची आणि नेमकी तिथेच आपटायची, त्यामुळे प्रत्येक अशील कपाळ चोळतच आत शिरायचा. त्यावरून गोमाजी तत्काळ अनुमान काढायचे, "तुम्ही चिंतेत आहात!"

एवढ्या पाट्या लावल्यावर गुप्तहेरात गुप्त काय उरलं, असं त्यांचा मदतनीस आनंदा साळवी याने नोकरीला लागल्या लागल्या विचारलं होतं.

"गुन्हेगाराला वाटतं, एवढी जाहिरात करणारा माणूस खरा हेर असूच शकत नाही," गोमाजी म्हणाले होते. "तिथेच तो फसतो."

गुन्हेगारांचं हे मत आनंदाला मनापासून पटलं होतं. पण नोकरी बरी होती. बाळकुमची वडिलोपार्जित शेतं बिल्डरने घेतल्यापासून गोमाजींना पोटापाण्याची काळजी नव्हती, त्यामुळे प्रकरण सुटलं काय आणि न सुटलं काय, आनंदाचा पगार पहिल्या तारखेला व्हायचा. आजवर एकही सुटलं नव्हतं.

अशा या माणसाकडे आपल्या सख्ख्या बहिणीला आणायची पाळी येईल, असं आनंदाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण नव्याण्णव सालच्या त्या दिवाळीआधी उत्तरा स्वतःच डोंबिवलीहून येऊन थडकली. तिला तुळई माहीत होती, म्हणून ती वाकून आत आली. कपाळ चोळत नसलेला अशील पाहून गोमाजी बुचकळ्यात पडले.

"तुम्ही चिंतेत नाही," ते म्हणाले.

"चिंतेतच आहे, काका. माझा रंग चोरीला गेलाय."

आनंदाने डोळे मिटून घेतले. हे वाक्य गोमाजींसमोर बोलायचं नाही, असं तो तिला रात्री जेवताना बजावून सांगायला विसरला होता.

प्रकार असा होता. उत्तराने वेब पेज बनवायचा कोर्स केला होता. त्यात पुढे काय असतं हे घरात कोणालाच कळत नव्हतं, आणि म्हणून बाबांनी कल्याणच्या एका कचेरीत तिच्यासाठी टायपिंगची जागा बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. फक्त एका अटीवर बाबा थांबले होते. डोंबिवलीच्या 'कलावती साडी सेंटर'चे दामाजीशेठ यांनी उत्तराला दुकानाची पानं बनवायला सांगितली होती. ती शेठना पसंत पडली आणि त्यांनी पुढचं काम दिलं, तर उत्तरा आपल्या मनासारखं करायला मोकळी. नाही पडली, तर टायपिंग. शनिवारी शेठ ठेवणीतल्या गिऱ्हाइकांना बोलावून, पेढे वाटून ती पानं दाखवणार होते.

"आणि शेठना हवाय चिंतामणी रंग," उत्तरा म्हणाली. "पानाच्या डाव्या अंगाला उभा पट्टा, चिंतामणी. त्यातच चिंतामणी शालूचा फोटो. माझ्या क्लासच्या काँप्युटरवर अगदी सुंदर दिसतो. फ्लॉपीवर घालून दुकानात नेला की हिरवट. शेवाळ्यासारखा. शेठ म्हणतात, 'माझ्या दुकानावर पाटी आहे, पक्क्या रंगाची हमी. आणि तुझ्या पानाचा रंग क्लासपासून दुकानापर्यंत येता येता उडतो?'"

"रंग कुठे ठेवलेला असतो?" गोमाजींनी विचारलं. खिशातून भिंग काढून त्यांनी ते उत्तराच्या पर्सवर धरलं.

"पानात नसतो, काका. वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. तिला स्टाइल शीट म्हणतात. शेठची जेवढी पानं आहेत, ती सगळी आपापला रंग तिला विचारतात. ती सांगेल तो रंग."

"म्हणजे म्होरक्या," गोमाजी आनंदाकडे वळून हळूच म्हणाले. "बाकीचे त्याच्या हुकमात. टोळी आहे."

"आणि रंग नावाने नाही सांगता येत?" आनंदाने विचारलं. विषय बदलणं हे त्याच्या नोकरीतलं मुख्य काम होतं.

"मोजून सोळा नावं आहेत भरवशाची. लाल, निळा, पिवळा असली. त्यात चिंतामणी नाही, आमसुली नाही, अबोली नाही, काही नाही. ज्यांनी ती ठरवली त्यांनी साडीचं दुकान पाहिलेलं नसणार. म्हणून मग आकड्यांत सांगायचं. पहिले दोन आकडे म्हणजे लाल किती, मधले दोन हिरवा किती, शेवटचे दोन निळा किती. हा बघा चिंतामणी." तिने टेबलावरच्या पेपराच्या कोऱ्या कडेला लिहिलं, 006699. "आणि ही डाळिंबी, 993333. जशी भाजीत हळद, तिखट, मीठ, तसं प्रमाण आहे. प्रमाण मी बरोबर घातलंय. मग चव का बिघडते?"

गोमाजींनी डोळे बारीक केले. उत्तरा जिना उतरून जाईपर्यंत त्यांनी ते तसेच ठेवले.

"आनंदा, तुझी बहीण भोळी आहे रे," ते म्हणाले. "हळद-तिखट काय! सहा आकडे. तुमच्या डोंबिवलीत सहा आकडे कशाला असतात?"

"फोनला," आनंदा म्हणाला, आणि बोलून पस्तावला.

"फोनला! शून्य शून्य लावलं म्हणजे परदेशचा फोन. त्याला आपण हात लावायचा नाही, बिल येतं. पण ही डाळिंबी तिथलीच आहे." गोमाजींनी कल्याण-डोंबिवलीचा कोड लावून 993333 फिरवला. पलीकडून कोणीतरी उचलला. गोमाजींनी आवाज घोगरा केला. "रंगाबद्दल बोलायचंय."

"पिवळा पडलाय का?" पलीकडचा माणूस म्हणाला.

गोमाजींनी फोनवर हात ठेवला. "आनंदा, त्याला पिवळ्याचंपण माहीत आहे!" मग पुन्हा फोनमध्ये, "हिरवा पडलाय."

"हिरवा? अहो, मग इतके दिवस काय करत होता? उद्या सकाळी या. काही न खाता या."

तो दाताचा दवाखाना निघाला. हेरगिरीसाठी आत शिरलेला आनंदा खुर्चीत झोपवला गेला, आणि तोंडात यंत्र असल्यामुळे त्याला एकही प्रश्न विचारता आला नाही. तो दात घासून घेऊन, चकचकीत होऊन परत आला. "माणूस निर्दोष दिसतो," एवढाच अहवाल त्याने दिला. घरी बाबांनी त्याच्या दातांकडे दोनदा पाहिलं.

मग गोमाजींनी प्रत्यक्ष घटनास्थळ पाहायचं ठरवलं. आपल्या एम-एटीवर आनंदाला मागे बसवून ते डोंबिवलीला आले. कलावती साडी सेंटरमध्ये पांढऱ्याशुभ्र गाद्या, त्यांवर साड्यांचे ढीग, ढिगांमागे दगडू नावाचा सेल्समन, आणि कोपऱ्यात काउंटरवर नवा कोरा काँप्युटर. शेठनी तो खास या पानांसाठी घेतला होता आणि एरवी त्याच्यावर जरीचा रुमाल झाकलेला असायचा. गिऱ्हाइकाला दुकानात पाऊल टाकल्याबरोबर लग्नघरात आल्यासारखं वाटावं, म्हणून टेपवर दिवसभर सनई चालू असे. शेठ दामाजी गोल, गोरे आणि त्रासलेले होते.

"हे कोण?" त्यांनी उत्तराला विचारलं.

"माझ्या दादाचे साहेब," उत्तरा म्हणाली. याहून खरं आणि याहून कमी धोक्याचं तिला काही सुचलं नाही.

गोमाजींनी स्टाइल शीट उघडायला लावली आणि ते पडद्याला नाक लावून वाचायला लागले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे 'व्हिजिटेड' काय आहे? पुढे किरमिजी लिहिलंय."

"पानावर निळ्या अक्षरांच्या लिंक असतात ना," उत्तरा म्हणाली. "एखादी लिंक कोणी उघडून बघितली, की तिचा रंग बदलायचा. म्हणजे कळतं, इथे आपण जाऊन आलोय."

गोमाजी ताठ झाले. "शेठ, दरवाजा लावा! कोणी बाहेर जायचं नाही." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ही लिंक, 'नऊवारी'. किरमिजी आहे. कोणीतरी आत शिरून गेलंय, आणि जाताना पावलं उमटवून गेलंय. कोण होतं ते?"

दुकानात फक्त सनई वाजत राहिली. मग ढिगामागून दगडूचा आवाज आला, "मीच साहेब. शेठ जेवायला गेलेले, तेव्हा जरा दाबून बघितलं."

"पकडला!" गोमाजी ओरडले.

"मीपण बघितली," शेठ ओशाळून म्हणाले. "आमच्या हिने, कलावतीनेपण बघितली. शेजारच्या मिठाईवाल्यालापण दाखवली. पेज बघायला नाही तर कशाला केलंय?"

सगळंच दुकान आरोपी ठरल्यामुळे गोमाजींना कोणालाच पकडता आलं नाही. त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि शेठनी दिलेला चहा अतिशय संशयाने प्यायला.

इकडे उत्तराचा धीर सुटत चालला होता. आनंदाला ते दिसत होतं. लहानपणी रांगोळीत एक रंग कमी पडला तर अख्खी रांगोळी पुसून पुन्हा काढणारी ही मुलगी. आता ती रोज क्लासमध्ये आकडे बदलत होती. दुकानात हिरवं दिसतं ना, मग हिरवा काढून टाक, लाल जरा घाल. दुकानात त्यातल्या त्यात बरं दिसायला लागलं, तर क्लासमध्ये जांभळं दिसायला लागलं. "दादा, मला खरंच येत नाही का रे?" तिने विचारलं. आनंदाला स्वतःला टीव्हीचासुद्धा रंग नीट लावता येत नसे.

अशा वेळी गोमाजींना तिसरा साक्षात्कार झाला.

"साडी वाळत घालताना बायका काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "सावलीत घाला. का? उन्हात रंग उडतो. आणि तुझी बहीण फ्लॉपी कशी नेते? पर्समध्ये, भर दुपारी, स्टेशनच्या पुलावरून!"

"पण साहेब, फ्लॉपीत रंग नसतो. आकडे असतात."

"उन्हाला हे माहीत आहे का?"

म्हणून शनिवारी फ्लॉपी ओल्या मलमलच्या फडक्याशेजारी, पण ओलं लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा आनंदाच्या काळ्या छत्रीखाली, अशी डोंबिवलीच्या बाजारातून निघाली. आभाळ स्वच्छ होतं. छत्री फक्त डब्यावर धरलेली होती, आनंदा उन्हातच होता. ओळखीच्या एका बाईंनी "कोण आजारी आहे?" म्हणून विचारलं, तेव्हा आनंदा म्हणाला, "चिंतामणी." बाई हळहळल्या.

दुकान भरलेलं होतं. गाद्यांवर ठेवणीतली गिऱ्हाइकं बसली होती, ताटात पेढे होते, शेठनी टोपी घातली होती. गोमाजींनी स्वतःच्या हाताने डबा उघडला. उत्तराने फ्लॉपी घातली, शेठनी जरीचा रुमाल ओढला, आणि पानाच्या डाव्या अंगाला उभा पट्टा दिसला. अजूनही हिरवट, मळकट, साचलेल्या पाण्यासारखा. त्यातला शालूही तसाच.

शेठचा चेहरा पडला. "पोरी," ते अगदी हळू म्हणाले, कारण ते वाईट माणूस नव्हते, "राहू दे आता. तू आपली टायपिंगलाच जा."

उत्तराने पदर नीट केला आणि फ्लॉपी काढायला हात पुढे केला. आनंदाला त्या क्षणी गोमाजींचा, शेठचा, काँप्युटरचा आणि जगातल्या सगळ्या रंगांचा राग आला.

"थांब गं," गादीवरून आवाज आला. मालनकाकी बोलत होत्या.

मालनकाकी म्हणजे दगडूच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट. त्या यायच्या, दुपारभर बसायच्या, अख्खं दुकान खाली काढायला लावायच्या आणि "उद्या मिस्टरांना घेऊन येते" म्हणून उठायच्या. त्यांचे मिस्टर कोणी पाहिले नव्हते. चष्मा न लावता आलेल्या काकींना काँप्युटर वगैरे काही कळलं नव्हतं. काचेमागे शालू आहे, एवढंच त्यांनी ओळखलं होतं.

"रंग असा का दिसतोय त्याचा? ट्यूबलाइटमध्ये कधी रंग कळलाय का? दगडू, दारात ने बघू. उजेडात दाखव."

जगातल्या कुठल्याही साडीच्या दुकानात या वाक्यावर विचार करत नाहीत. 'उजेडात दाखव' म्हटलं की सेल्समन उठतो आणि दाराकडे चालू लागतो. दगडूही उठला. त्याने वायर काढली, मॉनिटर कवेत घेतला आणि निघाला.

"अरे, काय करतोस!" उत्तरा ओरडली.

"गिऱ्हाईक बोललंय ताई," दगडू म्हणाला.

मग इलाज नव्हता. आनंदाने काँप्युटरचा खालचा डबा उचलला, गोमाजींनी कीबोर्ड ताटासारखा धरला, शेठ दिवाळीच्या तोरणाची लांब वायर घेऊन मागोमाग. दाराशी स्टुलावर सगळं मांडलं. बटण दाबल्यावर मॉनिटर थडकन वाजला. काँप्युटर सुरू होईपर्यंत रस्त्यावर गर्दी जमली आणि मालनकाकींनी किंमत दोनदा विचारून दोन्ही वेळा महाग आहे म्हणून सांगितलं.

पान उघडलं. पट्टा हिरवा नव्हता. स्वच्छ, गडद जांभळा होता.

"अगं बाई!" मालनकाकी म्हणाल्या. "शालू चिंतामणीच आहे की. पण हा मागचा पट्टा वांगी निघाला!"

शेठनी कपाळावर हात मारला. गोमाजी गंभीरपणे म्हणाले, "गुन्हेगाराने वेश बदललाय." पण उत्तरा जागच्या जागी उभी राहिली होती. मग ती एकदम हसली. आनंदाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"दादा, वांगीच लिहिलंय मी! हिरवं दिसू नये म्हणून मीच प्रमाण बिघडवून ठेवलेलं. हा पडदा आता खरं बोलतोय!"

ती उकिडवी बसली. स्टाइल शीट उघडली, एक ओळ बदलली, 330099 खोडून 006699. पान पुन्हा उघडलं आणि पट्टा चिंतामणी झाला. दुसरं पान उघडलं, तिथेही चिंतामणी. नऊवारीचं उघडलं, पैठणीचं उघडलं, सगळीकडे चिंतामणी. रस्त्यावरच्या गर्दीतून "वा!" असा आवाज आला.

"एका ठिकाणी बदललं आणि सगळीकडे झालं?" शेठनी विचारलं.

"तेच तर सांगत होते शेठ इतके दिवस."

मॉनिटर पुन्हा आत नेऊन काउंटरवर ठेवला, तर पुन्हा शेवाळ. पुन्हा बाहेर काढला, तर ठीक. तेव्हा उत्तराने काउंटरवर नीट पाहिलं. डाव्या अंगाला, शेठनी ओढून टाकलेल्या जरीच्या रुमालाखाली, मॉनिटरला अगदी खेटून सनईचा भलामोठा स्पीकर उभा होता. "स्पीकरच्या आत लोहचुंबक असतो," ती म्हणाली. "तोच पडद्याचा रंग ओढतोय." स्पीकर उचलून दरवाजाजवळ ठेवला. चुंबकाचा उरलासुरला परिणाम जावा म्हणून मॉनिटर बंद करून चालू केला. ट्यूबलाइटखालीही चिंतामणी तो चिंतामणी.

"माझा संशय पहिल्यापासून सनईवर होता," गोमाजी म्हणाले. "मी सगळ्यांना बोलतं केलं, पण वाजत राहिली ती एकटीच." मग आनंदाकडे बघून आवाज खाली आणून, "आयला, खरंच चुंबक असतो काय रं त्याच्यात?"

मालनकाकींना मात्र या उलगड्याशी काही देणंघेणं नव्हतं. "हाच पट्टा आमसुली दाखव गं," त्या उत्तराला म्हणाल्या. उत्तराने आकडे बदलले. आमसुली झाला. "जरा उतरता." उतरता झाला. "अबोली?" अबोली. "श्रीखंडी? नको, फार पिवळा. हां, आता बरोबर. मोरपंखी बघू. पोपटी नको, माझ्या जावेकडे आहे." बाकीच्या बायकाही सरकून पुढे आल्या. एकीला गुलबक्षी हवा होता, दुसरीला गुलबक्षी आणि राणी यांच्यामधला, ज्याला नाव नव्हतं. उत्तराने त्याला आकडे दिले आणि तो पडद्यावर आला. त्या बाई स्वतःच्याच शोधावर खूश होऊन पेढा घेऊन बसल्या.

दुपार कलली तेव्हा मालनकाकी उठल्या. "उद्या मिस्टरांना घेऊन येते," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

सवयीने दगडू उसासा टाकून आवराआवर करायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. गादी पांढरीशुभ्र होती. तिच्यावर एकही साडी नव्हती.

"शेठ," तो म्हणाला, "मालनकाकी येऊन गेल्या आणि घडी घालायला काहीच नाही."

शेठनी गादीकडे पाहिलं. मग काँप्युटरकडे पाहिलं. साऱ्या जगाला आपलं दुकान दिसेल, अमेरिकेतून ऑर्डरी येतील, असं उत्तराने त्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं आणि ते नुसते मान डोलवत आले होते. आता त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. त्यांनी फोन ओढला आणि साळव्यांच्या घरचा नंबर लावला.

"साळवी, दामाजी बोलतोय. पोरीला सोमवारी कल्याणला पाठवू नका. ती माझ्याकडे लागली."

पलीकडून बाबांनी बहुधा विचारलं, की तिथे ती काम काय करते. शेठ अडखळले. वेब म्हणाले, पेज म्हणाले, स्टाइल म्हणाले, आणि बाबांना काही उमगत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना दिसलं. उत्तराची बोटं कीबोर्डवर थांबली.

"अहो, सोपं आहे," शेठ शेवटी म्हणाले. "अख्खं दुकान दाखवते, पण एका साडीची घडी मोडत नाही."

पलीकडे आनंदाची आई कान लावून असावी, कारण रिसीव्हरमधून तिचाच आवाज दुकानभर ऐकू आला, "अहो, हो म्हणा ना पटकन!"